उशिरा फुलणारा बदाम: संकराची तयारी कळ्या फुगण्याआधी

थंडीचा कोटा भरला की थोड्याशा उबेवर बदाम फुलून मोकळा होतो. जर्दाळू आणि पीच तेव्हा अजून झोपेत असतात. उमललेलं फूल उणे २-३ अंशांपर्यंत कसंबसं टिकतं, पण नुकती धरलेली हिरवी फळं उणे १ अंशाच्या आसपासच काळी पडू लागतात. दव गोठणाऱ्या भागात धूर, पंखे, पाणी यांवर दरवर्षी खर्च करण्यापेक्षा झाडच उशिरा फुलणारं घेणं शहाणपणाचं.

उशिरा फुलण्याचा गुण बऱ्याच अंशी वंशातून येतो. ‘नॉनपॅरेल’ या बदामाच्या वाणाच्या एका फांदीत आपोआप बदल होऊन ‘टार्डी नॉनपॅरेल’ निघाला. त्याच्यातलं उशिराचं जनुक प्रभावी आहे आणि साधारण निम्म्या संततीत उतरतं. पण उशिरा फुललेल्या झाडाला जोडीदार कुठून मिळणार? आजूबाजूचे वाण तोवर फुलून गेलेले असतात, आणि बहुतेक बदामांना परका पराग लागतो. म्हणून दुसरा पालक स्वतःच्या परागावर फळ धरणारा घ्या. इटलीतल्या पुलिया भागातला ‘तुओनो’ तसा आहे. याच दोघांच्या संकरातून ‘आर १०००’ आला आणि त्याच्यापासून स्पेनमधल्या मुर्सियात अतिउशिरा फुलणारा ‘तार्दोना’. दोन्ही गुण एकत्र असलेली रोपं मात्र चारात एखादंच मिळेल, तेव्हा पाच-दहा बियांवर भागणार नाही.

नर झाड आधी फुलत असेल तर फुगलेल्या, न उमललेल्या कळ्यांतले परागकोश काढा, सावलीत दिवसभर वाळवा आणि पराग बंद बाटलीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह फ्रीजमध्ये ठेवा. मादी झाडावरच्या कळ्या फुग्यासारख्या झाल्या की पाकळ्या-पुंकेसर नखाने खुडून फक्त स्त्रीकेसर ठेवा. पाकळ्या नसल्या की मधमाश्या सहसा फिरकत नाहीत. एक-दोन दिवसांत पराग लावा आणि फांदीला चिठ्ठी बांधा. चिठ्ठीचा कंटाळा केला तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

पिकलेल्या बिया ओल्या वाळूत ४-५ अंशांवर दोनेक महिने ठेवून मग पेरा. पहिली फुलं यायला बहुधा तीन-चार वर्षं लागतात, पण चाळणी आधीच लावता येते: उशिरा पालवी फुटणारं रोप सहसा फुलतंही उशिरा. लवकर पालवणारी रोपं काढून टाका. जीव तुटतो, पण जागा त्याहून मोलाची आहे.

हिवाळा सौम्य असलेल्या ठिकाणी मात्र फार उशिराच्या वाणांमागे लागू नका. त्यांना थंडीचे तास जास्त लागतात. ते कमी पडले तर कळ्या गळतात किंवा फुलोरा विस्कळीत येतो.

निवडलेल्या झाडांची निम्मी फुलं उमलल्याची तारीख दरवर्षी वहीत टिपा, शेजारी शेवटचं दव गोठलेल्या रात्रीचीही. एकाच वर्षाच्या नोंदीवर झाड ठरवू नका. निदान तीन फुलोरे पाहा, मगच डोळे काढून कलमं बांधा.