ब्लूबुश फळावरून ओळखताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या पट्ट्यातली निळसर राखाडी, लोकरी झुडपं लांबून सगळी सारखीच दिसतात. ब्लूबुश, म्हणजे मायरियाना प्रजातीत पन्नासाहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच जातींची पानं बारीक, मांसल आणि लवदार असतात, त्यामुळे निव्वळ पानांवरून नाव ठरवणं हा जुगारच. फळ हवंच.

पण कुठलं फळ? मायरियाना अफिला या काटेरी जातीच्या फांद्यांवर कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे दिसतात. त्या किडीमुळे आलेल्या गाठी असतात. गोळ्यात बी नसेल तर तो बाजूला ठेवा आणि फांदीवर कागदासारखी पातळ चकती शोधा. तीही काटेकोरपणे फळ नव्हे. फूल फळल्यावर त्याची परिदलं, म्हणजे फुलाची बाहेरची दलं, वाढून बीभोवती नळी होते आणि नळीभोवती आडवा पंख फुटतो. खरं फळ आत, इवलंसं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चकती फक्त वरून बघणं. ती उलटी करा आणि दहापट भिंगाखाली धरा. नळी भोवऱ्यासारखी निमुळती आहे की वाटीसारखी? पंख अखंड आहे, की त्याला मध्याकडून कडेपर्यंत एक चीर आहे? मायरियाना ब्रेव्हिफोलियात एका चकतीऐवजी पंख्याच्या आकाराचे पाच सुटे पंख असतात. मायरियाना ट्रिप्टेरात आडव्या पंखाखाली नळीवर उभे पंखही असतात, आणि ते वरून कधीच कळत नाहीत.

कोवळ्या फळात पंख पुरता उघडलेला नसतो, जुन्यात तो फाटतो. फाटलेल्या कडेला चीर समजून चुकीच्या जातीपर्यंत पोचणारे कमी नाहीत. म्हणून एकाच झुडपाची पाचसहा पिकलेली फळं तपासा.

फळाला पंखाऐवजी काटे असतील तर झुडूप बहुधा स्क्लेरोलेना या दुसऱ्या प्रजातीचं, फळ दोन छदांत, म्हणजे पानासारख्या आवरणांत, मिटलेलं असेल तर अ‍ॅट्रिप्लेक्स प्रजातीचं. साल्सोला प्रजातीच्या फळांनाही पंख असतात, तिथे मात्र पानांची टोकं बोचतात. जुन्या पुस्तकांत ब्लूबुशच्या कित्येक जाती कोकिया या प्रजातीच्या नावाखाली सापडतील. १९७५ मध्ये त्या मायरियानात आल्या.

नमुना वाळवण्यासाठी कागदात दाबण्याआधी फळाचा रंग टिपून ठेवा. मायरियाना पिरामिडाटाची फळं वाळल्यावर काळपट पडतात. हा बदल ओळखीला उपयोगी आहे, पण मूळ रंगच लिहिलेला नसेल तर तो बदल होता हे कळणार कसं?