क्वालिटीत नव्याने येणाऱ्यांसाठी: वक्र नंतर, आधी आकडा कुठून आला ते बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी झाली की उद्यमबाग, मच्छे भागातल्या कारखान्यांत क्वालिटीला लागतात. मीही त्याच वाटेने आलो. नव्याने येणाऱ्याला मी पहिल्या आठवड्यातच सांगतो की एक्सेलमध्ये आकडे टाकून लगेच घंटेच्या आकाराचा वक्र, म्हणजे नॉर्मल डिस्ट्रिब्युशन (आकडे कसे पसरतात याचा एक साचा), काढू नकोस.

हा वक्र येतो कुठून, ते पक्कं डोक्यात असायला हवं. द म्वाव्ह्र यांनी १७३३ मध्ये तो नाणेफेकीसारख्या गणितातून काढला, गाउस यांनी १८०९ मध्ये खगोलातल्या मोजमापांच्या चुकांना लावला. दोन्हीकडे मूळ एकच: एकमेकांशी संबंध नसलेली पुष्कळ छोटी कारणं एकत्र येतात, त्यांची बेरीज होते, आणि त्यातलं एकही बाकीच्यांवर वरचढ ठरत नाही. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, शाफ्ट कापताना कूलंटचं तापमान, मालाचा कडकपणा, चकची पकड हे सगळं थोडं थोडं हलतं. म्हणून एकाच सेटिंगवर निघालेल्या नगांचा व्यास बहुतेक वेळा नॉर्मल येतो, आणि ६८-९५-९९.७ चा नियम (सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक, दोन, तीन प्रमाण विचलनांच्या आत अनुक्रमे इतके टक्के नग) तिथे खरंच उपयोगी पडतो.

पण हातात येणारा डेटा इतका सरळ नसतो. हाताने चालणाऱ्या लेथवर कारागीर व्यास मुद्दाम वरच्या मर्यादेकडे ठेवतो. जास्त राहिला तर परत कट घेता येतो, कमी झाला तर नग भंगारात. त्यामुळे ढीग एका बाजूला सरकतो. टूल घासत जातं आणि ऑफसेट (घासलेलं भरून काढणारी सेटिंगमधली दुरुस्ती) उशिरा दिला जातो, तेव्हा हिस्टोग्रामचा माथा चपटा होतो. दोन मशीनचा माल एकाच क्रेटमध्ये पडला, की दोन उंचवटे दिसतात. यातल्या कशालाही नवीन डिस्ट्रिब्युशन शोधत बसू नका. डेटा मशीनप्रमाणे, शिफ्टप्रमाणे वेगळा करा. त्यासाठी मशीनपाशी जाऊन विचारावं लागतं. आपल्याकडे एका मशीनवरचे काका मराठी बोलतात, शेजारचे अण्णा कन्नड. दोन्हींत विचारता आलं, तर अर्धं विश्लेषण तिथेच होतं.

काही मापं मात्र मुळातच नॉर्मल नसतात. रनआउट घ्या, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डगमगतो ते माप. डायल लावून शाफ्ट फिरवला की रनआउट शून्य येईल किंवा जास्त. शून्याखाली जाणारच नाही. समजा सरासरी ०.०१० मिमी आणि प्रमाण विचलन ०.००६ मिमी आहे. नॉर्मल धरलं तर जवळजवळ ५ टक्के नगांचा रनआउट ऋण निघतो! असा नग जगात नाही. केंद्र दोन दिशांना नॉर्मल पद्धतीने आणि सारखंच सरकत असेल, तर त्याचं अंतर रेले डिस्ट्रिब्युशन पाळतं. प्रत्यक्षात वायबुल हे दुसरं डिस्ट्रिब्युशन लावून पाहिलं तरी बऱ्याचदा जमतं. सपाटपणा, गोलाई यांचंही तेच. इथे नॉर्मल धरून काढलेला सीपीके (माल ठरलेल्या मर्यादांत किती नीट बसतो याचा आकडा) ग्राहकाला पाठवणं म्हणजे त्याची दिशाभूल करणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरावासाठी पाऊस फार चांगला विषय आहे. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला धो धो पाऊस आणि अथणीला कोरडं आभाळ. रोजच्या पावसात शून्याचे दिवस भरपूर असतात, म्हणून पाऊस पडण्याची शक्यता वेगळी काढायची आणि पडलेल्या दिवसांना गॅमा डिस्ट्रिब्युशन लावून पाहायचं. वर्षातला सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस हवा असेल, तर कमाल आकड्यांसाठीचं गुंबेल डिस्ट्रिब्युशन. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना शेपटाकडचा भाग, म्हणजे क्वचित येणारे टोकाचे आकडे, का जपायचा हे समजावून सांगावं लागत नाही. पुलाची उंची सरासरी पावसावर ठरत नसते.

फिट बसलं की नाही, हे आधी डोळ्यांनी बघा. क्यू-क्यू प्लॉट काढा (डेटा निवडलेल्या डिस्ट्रिब्युशनशी जुळला तर ठिपके सरळ रेषेवर येतात) आणि टोकांकडचे ठिपके रेषा सोडतात का, ते तपासा. चाचणीचा पी (डिस्ट्रिब्युशन बरोबर असेल तर इतका किंवा जास्त फरक येण्याची शक्यता) बघायचा तो त्यानंतर. दहाबारा नगांवर जवळजवळ काहीही पास होतं, आणि हजारो नगांवर किरकोळ फरकही नापास होतो. कोल्मोगोरोव्ह-स्मिरनोव्ह चाचणीत सरासरी आणि विचलन त्याच डेटातून काढलं असेल, तर नेहमीचा पी फसवा असतो. त्यासाठी लिलीफोर्स यांनी १९६७ मध्ये वेगळे तक्ते दिले, तेच वापरा.

मिनिटॅब हे विकतचं सॉफ्टवेअर नसेल तर अडू नका, आर आणि पायथन फुकट आहेत. पायथनच्या सायपाय या लायब्ररीत गॅमा किंवा वायबुल बसवताना ते वक्राची सुरुवातही स्वतःच हलवतं. रनआउट किंवा पावसासाठी ती शून्यावर बांधून ठेवा, त्याचा पर्याय आहे. मुलाखतीत ‘डेटा नॉर्मल नसेल तर काय कराल?’ असं विचारलं, तर थेट ट्रान्सफॉर्मेशनचं (आकडे लॉग वगैरे घेऊन बदलण्याचं) नाव घेऊ नका. तो डेटा किती मशीनचा, कुठल्या शिफ्टचा आणि कोणत्या गेजने मोजलेला, हे आधी विचारा.