तुमचा ओ ग्रुप खरंच ओ आहे का, कसं बघायचं

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, ए, बी, ओ हा सगळा फरक लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाचा आहे. टोकाला फ्युकोज नावाची साखर लागली की एच तयार होतो, त्यावर अजून एक साखर चढली की ए, वेगळी चढली की बी, आणि काहीच नाही चढलं, नुसता एच राहिला तर ओ.

पण काही लोकांत फ्युकोजच लागत नाही, म्हणजे एचच नाही. हाच बॉम्बे ब्लड ग्रुप, 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला. स्लाइडवर अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी टेस्टची औषधं) टाकलं तर गुठळ्या होत नाहीत, म्हणून रिपोर्टवर सरळ ओ येतं आणि इथेच घोळ होतो, कारण ओ रक्तात एच असतो, ह्यांचं शरीर त्याला परका समजून हल्ला करतं, म्हणून साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून नुसत्या स्लाइडवर थांबू नका, ब्लड बँकेत रिव्हर्स ग्रुपिंग करायला सांगा. त्यात तुमचा सीरम (रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग) ओ पेशींमध्ये मिसळतात, खऱ्या ओ वाल्याचं मिश्रण एकसारखं लाल राहतं, बॉम्बे असेल तर दाणे दाणे धरतात. मग अँटी-एच, म्हणजे एच ओळखणारं औषध, लावून पक्कं करतात.

आई किंवा बाबा एबी आणि मूल ओ आलं तर घरात भलता संशय घेण्याआधी प्लीज ही टेस्ट करा. बॉम्बे निघालात तर सख्ख्या भावंडांचीही करून घ्या, रक्त जुळण्याचा चान्स तिथेच सगळ्यात जास्त.