मासळीतलं शिसं-पारा मोजताय? या चुका टाळा

तापी-गिरणेच्या मासळीत शिसं किती, पारा किती, हा आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्राच्या आधीच. नदीकाठी, नाहीतर सुरीखाली.

हतनूर धरणाचा म्हणून जळगावच्या बाजारातून रोहू आणाल, तर तो आंध्रच्या तळ्यातलाही निघू शकतो. जाळं वर येताना काठावर हजर राहा. जात, लांबी, वजन तिथंच लिहा. अर्ध्या किलोचा आणि तीन किलोचा मासा एका नमुन्यात मिसळू नका; पारा वयाबरोबर साठत जातो.

शिसं मोजायचं असेल तर जाळं नीट पाहा. त्याच्या खालच्या दोराला बहुधा शिशाच्या गोळ्या असतात आणि त्या माशाच्या अंगाला घासतात. मासा स्वच्छ पाण्याने धुवा, खवले-कातडी काढा, सुरी बदला, मगच पाठीचं मांस कापा. बारीकसा काटाही राहू देऊ नका. शिसं हाडात आणि कल्ल्यांत साठतं, मांसात त्याहून कमी. त्यामुळे काटा वाटला गेला की आकडा फुगतो.

धातूंसाठी आम्लाने धुतलेली पॉलिथिनची पिशवी घ्या, पीसीबीसाठी (चरबीत साठणारी औद्योगिक रसायनं) हेक्झेन या द्रावकाने धुतलेली अॅल्युमिनियम फॉइल. यांची अदलाबदल नको. खान्देशातल्या मे महिन्यात माशाच्या दुप्पट वजनाचा बर्फ लागतो. पिशवी दुहेरी ठेवा, वितळलेलं पाणी आत शिरतं.

प्रयोगशाळेत घ्या: ०.५ ग्रॅम ओलं मांस, ७ मिली नायट्रिक आम्ल, २ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. भांडं लगेच बंद करू नका, अर्धा तास फेस बसू द्या; मग मायक्रोवेव्ह पचन, म्हणजे उष्णतेने मांस आम्लात पूर्ण विरघळवणं. द्रावण ५० मिली केलं की लिटरमागे १ मायक्रोग्रॅम म्हणजे मांसात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. म्हणून ब्लँकमध्ये, म्हणजे मांस न घालता तसंच केलेल्या द्रावणात, एवढंसं शिसं दिसलं, तरी शिशाच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅम या युरोपीय मर्यादेचा तिसरा हिस्सा नुसत्या भांड्या-आम्लातून आला. प्रत्येक बॅचला ब्लँक आणि प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच ठाऊक असतं) लावा. त्याची रिकव्हरी, म्हणजे ठाऊक प्रमाणाच्या किती टक्के मोजलं गेलं ते, ८० ते १२० टक्क्यांबाहेर गेली तर बॅच पुन्हा करा.

पाऱ्याचा नमुना १०५ अंशांवर वाळवू नका, पारा उडून जाऊ शकतो. ओलावा वेगळ्या तुकड्यावर मोजा. ७८ टक्के ओलाव्याच्या मांसात सुक्या वजनावर किलोमागे १.० मिलिग्रॅम आलेलं शिसं ओल्या वजनावर ०.२२ असतं, आणि मर्यादा ओल्या वजनाची आहे. सुका आकडा तसाच बाहेर गेला तर लोक मासळी घेणं थांबवतात आणि भोयांच्या घरी चूल पेटत नाही. अहवालात प्रत्येक आकड्यापुढे ‘ओल्या वजनावर’ असं लिहाच.