सांडपाण्यातल्या रेझिस्टन्सवर काम करायचं म्हणता?

एमएस्सी मायक्रो झालेली मुलं भेटतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होतात त्यावर, काम करायचंय, तेही हॉस्पिटलात नाही तर नदी-नाल्यांत, पण केमिस्ट्री कधीच सुटली, जमेल का? केमिस्ट्रीवाले उलट बाजूने विचारतात, की पेट्री डिशला कधी हात लावलेला नाही, चालेल का? दोघांनाही सांगतो, चालतं. दुसरा विषय कामापुरता वर्षभरात येतो. त्रास होतो तो निराळ्याच गोष्टीचा. या क्षेत्रात डॉक्टर, मायक्रोबायोलॉजिस्ट आणि रसायनवाले एकाच टेबलाला बसतात आणि एकच आकडा तीन कामांसाठी वापरतात. हे लवकर कळलं तर पीएचडीची निदान दोन वर्षं वाचतात.

उदाहरण सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं घेऊ. पेशंटच्या लघवीतला ई. कोलाय लॅबमध्ये आला की त्याची एमआयसी काढतात, म्हणजे जंतूची दिसणारी वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं ते. सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या सध्याच्या तक्त्यात ही एमआयसी मिलिलिटरला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असली, तर जंतू 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषधाला दाद देणारा. लिटरमध्ये सांगायचं तर २५० मायक्रोग्रॅम. आता नदीकडे या. बेंग्टसन-पाल्मे आणि लार्सन या दोघांनी २०१६ साली १११ अँटिबायोटिक्ससाठी एक वेगळीच मर्यादा सुचवली: पाण्यात यापेक्षा कमी औषध असेल तर रेझिस्टंट जंतूंना त्याचा फायदा मिळू नये, अशी. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी तो आकडा आहे लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम. दोन आकड्यांत जवळजवळ चार हजार पटींचा फरक.

नवखा माणूस इथे हमखास विचारतो की यातला बरोबर कोणता. दोन्ही. पहिला आकडा 'या औषधाने हा पेशंट बरा होईल का' या प्रश्नासाठी ठरवलाय. त्यात डोस, रक्तातलं प्रमाण, आजवरचे उपचारांचे अनुभव सगळं धरलेलं असतं. दुसऱ्यात पेशंट नाहीच. त्यात एवढंच पाहिलंय की अत्यल्प औषधातही कोणत्या जंतूची सरशी होते. एमआयसीच्या कितीतरी खाली, काही औषधांत शेकडो पट खालीसुद्धा, रेझिस्टंट जंतू बाकीच्यांना मागे टाकू शकतात हे २०११ साली स्वीडनच्या गटाने प्रयोगाने दाखवलंय. तेव्हा नदीच्या पाण्याचा आकडा हॉस्पिटलच्या तक्त्याशेजारी ठेवून 'चिंतेचं कारण नाही' असा निष्कर्ष काढणारा प्रबंध वाचलात, तर तो मिटून ठेवा. असे प्रबंध मी परीक्षकांच्या हातून सुखरूप सुटताना पाहिलेत.

वाचायला कुठून सुरुवात करावी? रिव्ह्यू पेपरांच्या ढिगाऱ्यातून नको. दोन जुनी कामं आधी वाचा, मग नवं. पहिलं २००७ सालचं, हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं. औषध कंपन्यांचं सांडपाणी जिथे एकत्र येऊन शुद्ध होतं, त्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लार्सन आणि सहकाऱ्यांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत मिळालं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात जेवढं सापडतं, त्याच्या कित्येक पट. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यात! या एका पेपरने हा विषय डॉक्टरांच्या टेबलावरून पर्यावरणवाल्यांच्या टेबलावर आणला असं माझं मत आहे. दुसरं काम २०११ सालचं, दिल्लीचं. त्याआधी भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटच्या जंतूत कार्बापेनेमसारखी राखीव अँटिबायोटिक्स निकामी करणारं एनडीएम-१ हे जनुक सापडलं होतं, आणि त्याच्या नावात 'न्यू दिल्ली' घातल्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला होता. मग वॉल्श आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. अनुक्रमे ५१ आणि २ नमुन्यांत हे जनुक मिळालं. नावाचा वाद बाजूला ठेवून वाचा. पेशंटपासून जनुकापर्यंत आणि जनुकापासून गटारापर्यंत प्रश्न कसा सरकत जातो, ते यात स्वच्छ दिसतं.

नंतरच्यांपैकी २०१९ चा साठ देशांतल्या सांडपाण्याच्या डीएनएचा अभ्यास आणि २०२२ चा १०४ देशांतल्या २५८ नद्यांमधल्या औषधांचा अभ्यास, हे दोन पुरेत. एकात जनुकं मोजलीत, दुसऱ्यात रेणू. दोन्ही शेजारी ठेवले की आपल्या कामाची जागा कुठे ते उमगतं.

मृत्यूंचे आकडे मात्र जपून वापरा. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ११.४ लाख मृत्यू थेट रेझिस्टन्समुळे झाले, आणि सुमारे ४७.१ लाख मृत्यूंमध्ये रेझिस्टंट संसर्ग होता. यातला मोठा आकडा उचलून 'मुळे' म्हणणारे सिनॉप्सिस सर्रास येतात.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. या क्षेत्रातलं निम्मं कौशल्य सॅम्पलिंगचं आहे, आणि ते शिकवायला कुणी बसत नाही. पुण्यात काम करत असाल तर विठ्ठलवाडीपाशी मुठेचं पाणी घ्याल, खाली बंडगार्डनला मुळा-मुठेचं घ्याल, मध्ये एखाद्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) आत येणारं आणि बाहेर जाणारं. पाणी एकच, पण बाटल्या वेगवेगळ्या, आणि प्रत्येक बाटलीचे नखरे वेगळे. रसायनाची बाटली गडद तपकिरी काचेची, कारण फ्लुरोक्विनोलोन (सिप्रोचा गट) आणि टेट्रासायक्लिन उजेडात मोडतात. त्यात आम्ल टाकून पीएच खाली आणतात, म्हणजे पाण्यातले जंतू लॅबला पोचेपर्यंत औषध खाऊन टाकणार नाहीत. मायक्रोच्या बाटलीत हेच आम्ल पडलं तर संपलंच, तिला जंतू जिवंत हवेत. एसटीपीच्या बाहेर जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतो, तो बाटलीतही जंतू मारत राहतो; म्हणून मायक्रोच्या निर्जंतुक बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. रसायनवाला आपला नमुना खुशाल उणे वीसला गोठवतो. कल्चरचा नमुना गोठवायचा नाही, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी लावायचा. तिसरा वाटा डीएनएसाठी: ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा आणि तो फिल्टर उणे ऐंशीला ठेवायचा. एसटीपीच्या आत येणारं पाणी त्या फिल्टरमधून जाताना शे-दोनशे मिलिलिटरलाच तोंड फिरवतं, तेव्हा 'एक लिटर गाळला' असं प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवू नका. किती गेलं ते बघून लिहा.

आणि लेबल पेन्सिलीने लिहा. मार्कर हुडमध्ये स्पिरिटच्या पहिल्याच फडक्यात पुसला जातो.

परवानगीचं पत्र महापालिकेकडून वेळेत काढा, पण त्यावर विसंबू नका. खरी माहिती प्लांटवरच्या ऑपरेटर काकांकडे असते. आज किती एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) पाणी आलं, रात्री पाऊस पडला का, कोणता पंप बंद आहे, क्लोरीन संपलाय का. पावसानंतर नाल्यातलं औषधाचं प्रमाण खाली येतं आणि विद्यार्थी 'पावसाळ्यात प्रदूषण घटतं' असं लिहून मोकळे होतात. प्रमाणाला प्रवाहाने गुणलं तर कळतं की दिवसाकाठी नदीत जाणारं औषध तेवढंच आहे, पाणी तेवढं वाढलंय. काकांच्या लॉगबुकाचा फोटो काढायची परवानगी मागा आणि चहा घ्यायला थांबा. या चहाला प्रोजेक्टच्या बजेटमध्ये हेड नाही, पण त्यातून मिळणारा डेटा कुठल्याच मशीनमधून निघत नाही.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे 'सापडलं नाही' हे वाचायला. अमॉक्सिसिलिन आपल्याकडे किती लिहिलं जातं हे कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा. तरी वापराच्या मानाने नदीत ते फारच कमी सापडतं, कारण त्यातलं बीटा-लॅक्टम कडं पाण्यात सहज फुटतं आणि ते फोडणारे एन्झाइम तर गटारात हवे तेवढे. उलट सिप्रोफ्लॉक्सॅसिन चिवट, पण ते गाळाला आणि एसटीपीच्या स्लजला, म्हणजे तिथे उरणाऱ्या चिखलाला, चिकटतं. म्हणजे नुसतं पाणी तपासून 'प्लांटने सिप्रो काढून टाकलं' असं म्हणालात, तर ते स्लजबरोबर शेतात निघालेलं असू शकतं. एलसी-एमएसने, म्हणजे रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, 'नाही' म्हटलं याचा अर्थ मोजण्याच्या मर्यादेखाली आहे एवढाच. ती मर्यादा सांगितल्याशिवाय त्या 'नाही'ला किंमत नाही. शिवाय सांडपाण्यातला बाकीचा मसाला सिग्नल दाबतो, म्हणून समस्थानिक घातलेलं इंटर्नल स्टँडर्ड (त्याच औषधाचं वेगळं ओळखू येणारं रूप, नमुन्यात मोजून घातलेलं) लागतंच. ते महाग असतं, गाइड कां-कूं करतात. हट्ट धरा.

कल्चरचं 'नाही' म्हणजे त्या माध्यमावर, त्या तापमानाला काही वाढलं नाही. पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून जनुक शोधायची चाचणी; तिचं 'आहे' तर अजूनच लबाड: मेलेल्या जंतूचा डीएनएही ती मोजते, आणि सांडपाण्यातलं ह्युमिक आम्ल मध्ये आलं की असलेलं जनुकही दाखवत नाही. म्हणून नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावून बघायची सवय ठेवा.

मायक्रोवाल्यांसाठी एक खास सूचना, कारण व्हायव्हात सर्वांत जास्त विकेट इथे पडतात. नदीतून मिळालेल्या सगळ्या कॉलन्या उचलायच्या, औषधाच्या डिस्क लावायच्या आणि 'इतके टक्के रेझिस्टंट' असा तक्ता द्यायचा, हा प्रकार बंद करा. स्युडोमोनस एरुजिनोसा अँपिसिलिनला जन्मतःच दाद देत नाही, क्लेबसिएलाही नाही. त्यांना रेझिस्टंट मोजून नदीबद्दल काहीच कळत नाही. आधी जंतू ओळखा. त्यापेक्षा सोपा आणि तुलनेला उपयोगी रस्ता म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा ट्रायसायकल प्रोटोकॉल: एकच जंतू ई. कोलाय, साध्या टीबीएक्स आगरवर (ई. कोलायला रंग देणारं माध्यम) एकूण किती आणि लिटरला ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक घातलेल्या टीबीएक्सवर किती, एवढंच मोजायचं. निळसर-हिरव्या कॉलन्या मोजायला महागडं यंत्र लागत नाही, तालुक्याच्या कॉलेजातही होतं. आणि कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या औषधासाठी डिस्क लावूच नका. तो मोठा रेणू आगरमध्ये नीट पसरत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने पातळ करून चाचणी) करावं लागतं. २०१५ मध्ये चीनमधून कोलिस्टिनला निकामी ठरवणाऱ्या एमसीआर-१ जनुकाची बातमी आली आणि २०१९ मध्ये भारताने पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी घातली, त्यामुळे हे औषध प्रत्येकाला आपल्या थिसिसमध्ये हवं असतं. हवं तर हवं, पण पद्धत बरोबर घ्या.

डॉक्टरांबरोबर काम करताना दोन गोष्टी. हॉस्पिटलचे आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वेगळे काढलेले जंतू) हवे असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. मंजुरीला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. आणि त्यांना तुमचा नॅनोग्रॅमचा आलेख दाखवू नका. त्यांच्या वॉर्डात जो जंतू येतोय तोच त्यांच्या हॉस्पिटलच्या ड्रेनेजला मिळतोय का, हा प्रश्न घेऊन जा. लगेच खुर्ची देतात.

नियमांचं म्हणाल तर औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात किती अँटिबायोटिक चालेल याच्या मर्यादा जानेवारी २०२० च्या केंद्रीय मसुद्यात होत्या, २०२१ च्या अंतिम नियमांत त्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची याच विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं सप्टेंबर २०२४ मध्ये आली. यातून काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते आपल्या भागातला मोजलेला डेटा आत्ता जेवढा लागणार आहे तेवढा पूर्वी कधीच लागला नव्हता.

प्रवेशाचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेस किंवा केमिकल सायन्सेसमधून द्या, आयसीएमआर आणि डीबीटीच्या जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीच्या) परीक्षाही सोडू नका. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. प्रोजेक्टवरच्या जागांना बरेचदा त्याहून कमी. पुण्यात एनसीएल, आघारकर, एनसीसीएस, नागपुरात नीरी, मुंबईत आयआयटी आणि आयसीटी, ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. पण नाव पाहून लॅब निवडू नका. तिथल्या सीनियरला गाठून विचारा: एलसी-एमएसवर स्लॉट किती दिवसांनी मिळतो? नमुना स्वतः चालवू देतात, की ऑपरेटरकडे देऊन आकडा घ्यायचा? दुसऱ्या विभागाच्या माणसाबरोबर पेपर लिहिला तर पहिलं नाव कुणाचं लागतं? शेवटच्या प्रश्नाला सीनियर हसला, तर अजून दोन सीनियरांना भेटा. तीन विषयांच्या कामात तीन गाइड असतात आणि पहिलं नाव एकच असतं, तेव्हा कोणता पेपर कुणाचा हे पहिल्या सॅम्पलिंगच्या आधी ईमेलवर लेखी घ्या.

त्याच आठवड्यात टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बीच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, धनुर्वाताचा डोस केव्हा झाला ते घरी विचारा. लांब हातमोजे आणि गमबूट लॅबकडून मागा. देत नसतील तर सॅम्पलिंगला जाऊ नका.