रशिया आणि युरोपची सुरक्षा: अभ्यासवर्ग कसा घ्यावा

ग्वाल्हेरच्या वर्गात सुरुवात १९४५पासून करू नका. पोलंडला रशियाची वाटणारी धास्ती मग कळतच नाही. १७७२ घ्या. महादजी शिंदे मुघल बादशहा शाह आलमला घेऊन दिल्लीत आले, त्याच वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंडचे पहिले लचके तोडले. १७९३च्या दुसऱ्या फाळणीत ऑस्ट्रिया नव्हता, इथे हमखास गफलत होते. १७९५च्या तिसऱ्या फाळणीनंतर देशच नकाशावरून पुसला गेला. तिन्ही फाळण्या वेगवेगळ्या रंगांत रंगवून घ्या, घाई अजिबात नको.

१९४९चा नाटो (अमेरिका आणि मित्रदेशांची लष्करी युती), १९५५चा वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची युती) झटपट उरका. कालिनिनग्राद मात्र गिरवाच: पोलंड-लिथुआनियामधला हा रशियन तुकडा सुटला, तर बाल्टिक देशांची (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) काळजी अर्धीच समजते. २०२२चं युक्रेनवरचं आक्रमण शिकवल्यावरच विचारा, फिनलंड २०२३ला आणि स्वीडन २०२४ला नाटोत का शिरले?