लातुरात बसून समुद्रतळाच्या बॅक्टेरियाचा जिनोम वाचायचा तर

दर जानेवारीत आमच्या लॅबच्या दारात थर्माकोलचा एक खोका उतरतो. आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध समुद्रतळाचा चिखल. आमचा एक माजी विद्यार्थी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून ओळखीच्या बोटीनं जाऊन तो काढतो, संध्याकाळी गाडीत बसतो आणि सकाळी लातुरात हजर. मी इथं एम.एस्सी.च्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते. नांदेड, परभणी, बीडकडचीही मुलं फोन करून विचारतात, "मॅडम, आम्हाला पण जिनोम करायचाय, कुठून सुरुवात करू?" चिखलातला एक बॅक्टेरिया वेगळा वाढवून त्याचा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएमधली सगळी अक्षरं, कशी वाचायची, हे त्यांच्यासाठी लिहितेय.

सुरुवात माझ्या चुकीनं करते. चार वर्षांपूर्वी एका केशरी कॉलनीचा (प्लेटवर वाढलेल्या बॅक्टेरियाच्या ठिपक्याचा) डीएनए मी घाईनं सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं वाचायला, पाठवला. सुट्टी लागायच्या आत काम उरकायचं होतं. रिपोर्ट आला, फाइल उघडली, तर कंटॅमिनेशन, म्हणजे दुसऱ्याची भेसळ, ३८ टक्के! एका जिनोमच्या पैशात दोन बॅक्टेरियांची खिचडी विकत घेतली होती. पुढं ती प्लेट उजेडासमोर तिरकी धरली, तेव्हा कळलं. केशरी ठिपक्याखाली पाण्यासारखा पातळ, पारदर्शक थर पसरलेला होता. सरळ वरून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मशीननं तिचं काम चोख केलं होतं, घोळ माझ्या टेबलावर झाला होता. म्हणून टेबलावरच्या कामाबद्दलच मी जास्त बोलणार आहे.

चिखल काढताना ग्रॅब (तळाचा चिखल उचलणारा लोखंडी पंजा) वर आला की पूर्ण गोळा पिशवीत भरू नका. ग्रॅबच्या लोखंडाला लागलेला भाग सोडायचा आणि मधला घ्यायचा. ५ मिलिची निर्जंतुक सिरिंज घ्या, तिचं टोक निर्जंतुक ब्लेडनं कापा आणि ती नळी चिखलात सरळ उभी दाबा. थर जसाच्या तसा वर येतो. वरचा पातळ तपकिरी भाग म्हणजे ऑक्सिजन पोहोचलेला चिखल. त्याखाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा, तिथं सल्फेटवर जगणाऱ्यांचं राज्य. साध्या इनक्युबेटरमध्ये काम करणार असाल तर वरचे १-२ सेंटिमीटरच घ्या. काळ्या थरातल्या बऱ्याच जणांना हवा लागली की ते संपले. नमुना ४ अंशाला ठेवायचा, गोठवायचा नाही. लेबल पेन्सिलनं लिहा आणि कागद वेगळ्या पिशवीत घाला, कारण पेनाची शाई बर्फाच्या पाण्यात धुऊन जाते. तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, एवढं तरी त्यावर हवंच.

मीडियासाठी, म्हणजे बॅक्टेरियाच्या खाद्यासाठी, झोबेल मरीन अगर २२१६ ची तयार पावडर मिळते (अगर म्हणजे मीडिया थिजवणारा पदार्थ). तिच्यात लिटरमागे १९.४५ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि समुद्रातले बाकीचे क्षार असतातच, त्यामुळे आपण वेगळं मीठ घालायचं नाही. पाणी मात्र डिस्टिल्डच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे गाव, इथं डिस्टिलेशनला पाणी सोडताना जीव खालीवर होतो, ते मला ठाऊक आहे. तरीही बोअरचं जड पाणी मीडियात घालू नका. ऑटोक्लेव्हनंतर तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरू नका, या मीडियात तो येतोच. एक सेट पूर्ण ताकदीचा आणि एक दहाव्या हिश्श्याचा करा. दहाव्या हिश्श्याचा करताना कमी पडलेला अगर वरून घाला, नाहीतर प्लेट थिजणार नाही, आणि डिस्टिल्ड पाण्याऐवजी समुद्राचं गाळलेलं पाणी किंवा कृत्रिम समुद्रजल वापरा, म्हणजे अन्न कमी होईल पण क्षार कमी होणार नाहीत. समुद्रतळावर खायला कमीच असतं. तिथल्या कित्येकांना भरलं ताट मानवत नाही.

१ ग्रॅम चिखल ९ मिलि निर्जंतुक समुद्रजलात घालून ढवळा, पुढं १०,००० पटींपर्यंत पातळ करत न्या आणि प्रत्येकातून १०० मायक्रोलिटर पसरवा. ॲक्टिनोबॅक्टेरिया (औषधी रसायनं बनवणारा सावकाश वाढणारा गट) हवे असतील तर पातळ केलेला चिखल ५५ अंशाला ६ मिनिटं ठेवून मग पसरवा, भराभर वाढणारे बरेचसे मागे पडतात. ही मेहनत कशासाठी, हे याच गटातल्या सॅलिनिस्पोरानं दाखवून दिलंय. समुद्राच्या चिखलातला हा जीव समुद्राच्या पाण्याशिवाय वाढत नाही. त्यातल्या सॅलिनिस्पोरा ट्रॉपिकाचा जिनोम २००७ साली प्रसिद्ध झाला. ५० लाखांहून थोडी जास्त अक्षरं, आणि त्यातला जवळपास १० टक्के भाग औषधी गुणांची रसायनं बनवण्यासाठी राखलेला! कर्करोगावर तपासलेलं सॅलिनोस्पोरामाइड ए याच्याच पोटातलं.

आता आपल्याकडची खास अडचण. पुस्तकात 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यांची रूम आपली नव्हे. मार्चनंतर आमच्या खोलीत पारा ३८ च्या वर जातो, आणि हे जीव त्याहून थंड पाण्यातले. बीओडी इनक्युबेटर (थंडही करू शकणारा) २८ अंशावर लावा, आणि तो इन्व्हर्टरवर आहे ना, ते आधी बघून घ्या. लाईट गेली की दार उघडायचं नाही. प्लेटा तीन-चार आठवडे ठेवायच्या असतात आणि आपल्या कोरड्या हवेत अगर दहा दिवसांत पापडासारखा आखडतो. म्हणून पॅराफिल्म गुंडाळून प्लेटा स्टीलच्या डब्यात ठेवा, सोबत ओल्या कापसाची वाटी. मुलं दुसऱ्याच दिवशी "मॅडम, कॉलन्या दिसायल्यात!" म्हणत धावत येतात. त्या कॉलन्या घ्या, पण डबा परत बंद करा. आमचे सगळ्यात चांगले जीव तिसऱ्या आठवड्यात उगवलेत.

शुद्धीकरण किमान तीनदा. दर वेळी एकच सुटी कॉलनी उचलायची, प्लेट तिरकी धरून खालचा थर बघायचा, ग्रॅम स्टेन करून १०० च्या लेन्सखाली बघायचं. दोन आकार दिसले तर पुन्हा स्ट्रीक करा, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून कॉलन्या सुट्या करा. तिसऱ्यांदा शुद्ध दिसली की लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये स्टॉक करून ठेवा. त्यानंतरच डीएनए.

डीएनए काढताना आधी पेशी एकदा टीई बफरनं धुवा, मीठ जाऊ द्या. मग लायसोझाइम ३७ अंशाला तासभर, ॲक्टिनोबॅक्टेरियाला त्याहून जास्त. त्यावर एसडीएस आणि प्रोटिनेज के. पुढची पायरी मुलं हमखास उलटी करतात. आधी ५ मोलर सोडियम क्लोराइड घालायचं, सीटॅब (साबणासारखं एक रसायन) नंतर. मीठ पुरेसं असेल तर सीटॅब चिकट पॉलिसॅकराइडला धरतं आणि डीएनए द्रावणात राहतो. मीठ कमी पडलं तर डीएनएही त्याच्याबरोबर खाली बसतो. ६५ अंशाला १० मिनिटं ठेवून क्लोरोफॉर्म, मग फिनॉल-क्लोरोफॉर्म, मग ०.६ पट आयसोप्रोपॅनॉल. ट्यूब हळू उलटीसुलटी करायची, व्होर्टेक्स नाही.

इथं जरा थांबून ट्यूब डोळ्यांजवळ धरा. चांगला डीएनए कापसाच्या तंतूसारखा, पांढरा, एकमेकांत गुंतलेला दिसतो. साबुदाण्याच्या खिरीसारखा पारदर्शक गोळा दिसला तर ते पॉलिसॅकराइड, सीटॅबची पायरी परत करा. ७० टक्के इथेनॉलनं धुऊन १० मिलिमोलर ट्रिसमध्ये विरघळवा, आरएनएज द्या. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास, २६०/२३० दोनच्या आसपास हवं. प्रमाण नॅनोड्रॉपवरून ठरवू नका, तो आरएनएसुद्धा मोजतो. फक्त डीएनए मोजणारं क्यूबिट वापरा आणि ०.८ टक्के जेलवर एक ठसठशीत पट्टा दिसतो का ते बघा.

पाठवण्याआधी १६एस जनुक (बॅक्टेरियाची ओळख पटवायला वापरतात ते) वाचून घ्या. जिनोमच्या मानानं खर्च किरकोळ, आणि आलेख दुहेरी शिखरांचा आला तर मिश्रणाचा संशय इथंच येतो. माझे पैसे यानं वाचले असते. ओळखीच्या प्रजातीशी जुळणी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी निघाली तर नवी प्रजाती असण्याची शक्यता धरा. कुरिअर सोमवारी सकाळीच द्या, जेलपॅकसह. शनिवारी दिलेलं पार्सल रविवारी कुठल्या पत्र्याच्या गोदामात तापेल, सांगता येत नाही.

किती डेटा मागायचा? ५० लाख अक्षरांचा जिनोम १०० वेळा वाचायचा तर ५० कोटी अक्षरं. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून १५०-१५० अक्षरं, असा जोडीनं वाचला तर साधारण १७ लाख जोड्या. जिनोम एकसंध हवा असेल तर नॅनोपोरसारखे लांब रीडही (एका दमात वाचलेले तुकडे) घ्या.

पुढच्या कामाला महागडा कॉम्प्युटर लागत नाही. गॅलेक्सी हा फुकटचा सर्व्हर आहे, काम लावून लॅपटॉप बंद केला तरी चालतं. फास्टपीनं रीड साफ करा, स्पेड्सनं जोडा, क्वास्टनं तुकडे मोजा. मग चेकएम चालवा, तो जिनोम किती पूर्ण आणि किती शुद्ध आहे ते सांगतो. कम्प्लिटनेस ९५ च्या वर आणि कंटॅमिनेशन ५ च्या खाली असेल तरच पुढं जा. जनुकं ओळखायला प्रोक्का, रसायनांचे कारखाने शोधायला अँटीस्मॅश. जवळच्या प्रजातीशी एएनआय (दोन जिनोममधल्या अक्षरांची सरासरी जुळणी) ९५-९६ टक्क्यांखाली आली तर तुमचा जीव वेगळ्या प्रजातीचा आहे.

शेवटी जिनोम एनसीबीआय या सार्वजनिक साठ्यात जमा करताना फॉर्म विचारतो, नमुना कुठून घेतला, कधी, किती खोलीवरून. तेव्हा ती पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी काढायची आणि बघून भरायचं.